जॉन बन्यनचे आत्मकथन : नैराश्य आणि शास्त्रवाचन

बीजसंज्ञा : आध्यात्मिक आत्मकथन, धार्मिक विषाद, प्युरिटन परंपरा, शास्त्रवाचन, विल्यम कूपर

प्रास्ताविक

जॉन बन्यन (१६२८–१६८८) हे नाव मराठी वाचकाला प्रामुख्याने 'द पिल्ग्रिम्स प्रोग्रेस' या रूपककथेमुळे परिचित आहे. हरि केशवजी यांनी १८४१ मध्ये 'यात्रिकक्रमण' या नावाने तिचा मराठी अनुवाद केला आणि अव्वल इंग्रजी काळातील भाषांतरित गद्याचा विचार करताना त्या अनुवादाची दखल घ्यावी लागते. तथापि ज्या अनुभवातून ही रूपककथा आकाराला आली, तो अनुभव बन्यनने तिच्याआधी बारा वर्षे, म्हणजे १६६६ मध्ये, 'ग्रेस अबाउंडिंग टु द चीफ ऑफ सिनर्स' या आत्मकथनात थेट मांडला होता. हे छोटेखानी पुस्तक म्हणजे अनेक वर्षे टिकलेल्या, आत्मनाशाच्या काठापर्यंत नेणाऱ्या नैराश्याचा वृत्तांत होय. इंग्रजी वाङ्मयात अशा अवस्थेचे इतके बारकाईने केलेले आणि इतक्या साध्या भाषेतले चित्रण त्यापूर्वी क्वचितच झाले असेल.

या ग्रंथाकडे पाहण्याच्या दोन रीती रूढ आहेत. पहिली भाविकांची. तिच्यानुसार पापाच्या जाणिवेने खचलेल्या माणसाला पवित्र शास्त्रातील एक वचन भेटले आणि अंधार फिटला. दुसरी रीत मानसशास्त्राची. विल्यम जेम्स याने 'द व्हरायटीज ऑफ रिलिजिअस एक्सपिरिअन्स' (१९०२) या व्याख्यानग्रंथात बन्यनची गणना रुग्ण आत्म्यांमध्ये आणि दुभंगलेल्या व्यक्तिमत्त्वांमध्ये केली व त्याच्या मनात अकस्मात उमटणाऱ्या वचनांना मनाच्या स्वयंचलित व्यापारांचा दर्जा दिला. या दोन्ही रीती परस्परविरोधी भासतात. पण एका गृहीतकावर त्यांचे एकमत आहे. वचन अचानक येते, मनावर आदळते आणि माणूस बदलतो, हे ते गृहीतक. भाविकाच्या मते ते वरून येते, मानसशास्त्रज्ञाच्या मते खालून, एवढाच फरक. प्रत्यक्ष संहिता सलग वाचली असता मात्र वेगळेच चित्र दिसते. वचने बन्यनवर आदळत होतीच, किंबहुना त्यांच्या आदळण्यानेच तो अधिक आजारी पडला होता. त्याची सुटका झाली ती वचने वाचण्याची त्याची रीत पालटल्यामुळे, आणि ही रीत पालटण्यासाठी त्याला माणसांची संगत लागली, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

परिभाषेविषयी एक खुलासा आवश्यक आहे. 'डिप्रेशन' ही आजची वैद्यकीय संज्ञा सतराव्या शतकातील माणसावर जशीच्या तशी लादणे योग्य ठरणार नाही. त्या काळात 'मेलँकली' हा शब्द प्रचलित होता आणि रॉबर्ट बर्टन याने १६२१ च्या आपल्या प्रसिद्ध ग्रंथात धार्मिक विषादाला स्वतंत्र विभाग दिला होता. मराठी वाचकाला 'विषाद' हा शब्द गीतेच्या पहिल्या अध्यायाच्या नावामुळे जवळचा आहे, म्हणून येथे तो वापरला आहे. साम्य मात्र तेथेच संपते. अर्जुनाला विषाद होतो तेव्हा त्याचे ऐकून घेणारा आणि त्याला उत्तर देणारा त्याच रथावर बसलेला असतो. बन्यनला असा कोणी भेटायला काही वर्षे जावी लागली.

शकुन पाहावा तसे वाचन

बेडफर्डजवळच्या एल्स्टो या खेड्यात जन्मलेला बन्यन गावोगाव फिरून भांडीकुंडी सांधून देणारा कारागीर होता. शिक्षण बेताचे. यादवी युद्धात त्याने पार्लमेंटच्या फौजेत न्यूपोर्ट पॅग्नेल येथे काही काळ शिपाईगिरी केली. विवाह झाला तेव्हा नवराबायकोच्या घरात धड ताटचमचेही नव्हते, पण पत्नीने माहेराहून दोन धार्मिक पुस्तके आणली होती : आर्थर डेंट याचे 'द प्लेन मॅन्स पाथवे टु हेवन' आणि लुइस बेली याचे 'द प्रॅक्टिस ऑफ पायटी'. त्या वाचनातून धर्माची गोडी लागली खरी. पण तिच्या पाठोपाठ भीतीही आली.

या भीतीची वर्णने आत्मकथनाच्या पूर्वार्धात विखुरलेली आहेत आणि ती आवर्जून वाचावीत अशी आहेत. चर्चच्या मनोऱ्यातील घंटा वाजविण्याचा त्याला छंद होता. तो छंद पापमय वाटू लागल्यावर त्याने वाजविणे सोडले, पण पाहायला जाणे सोडवेना. मग घंटा सुटून डोक्यावर पडली तर, असे वाटून तो तुळईखाली उभा राही. घंटा भिंतीवर आदळून तिरकी येईल असे वाटल्यावर तो दाराशी सरकला, आणि अखेरीस सगळा मनोराच कोसळेल या धास्तीने त्याने तेथे जाणेच थांबविले. रविवारी तो विटीदांडूसारखा एक खेळ खेळत असताना विटीवर दुसरा टोला मारणार तोच त्याला अंतःकरणात आवाज ऐकू आला : पापे सोडून स्वर्गात जायचे की पापे धरून नरकात? दुसऱ्या एका प्रसंगी, आपल्यापाशी श्रद्धा आहे की नाही हे पडताळण्यासाठी रस्त्यावरच्या डबक्यांना कोरडे होण्याची आणि कोरड्या जागांना डबकी होण्याची आज्ञा करावी, असा मोह त्याला झाला. आज्ञा करण्याआधी कुंपणाआड जाऊन प्रार्थना करावी असे त्याने ठरविले. आणि मग चमत्कार घडला नाही तर आपण कायमचे बुडालो, या विचाराने तो बेत पुढे ढकलला. येथे बन्यनच्या शैलीत एक बारीकसा विनोद आहे. भाविक टीकाकारांनी तो सहसा टिपलेला नाही.

या सर्व प्रसंगांत एक मनोव्यापार समान आहे. जगातील प्रत्येक वस्तू, मग ती घंटा असो, विटी असो वा डबके असो, आपल्याविषयीचा निकाल सांगत आहे असे त्याला वाटते. पुढे बायबलचे वाचनही याच रीतीने सुरू झाले. पुस्तक उघडावे, वचन डोळ्यांपुढे यावे आणि ते आपल्याला अनुकूल की प्रतिकूल एवढेच पाहावे, असे ते वाचन होते. त्यात संदर्भ, वक्ता, श्रोता, प्रसंग यांपैकी कशालाच स्थान नव्हते. आपल्याकडे पोथी उघडून कौल लावण्याची जी चाल होती, तिच्याशी ही रीत जुळते.

या काळातील एक प्रसंग मात्र पुढच्या बदलाची चाहूल देणारा आहे. देवावर भरवसा ठेवून कोणी फजीत झाल्याचे मागच्या पिढ्यांत कधी दिसले काय, अशा आशयाचे एक वचन त्याच्या मनात आले आणि त्याला धीर वाटला. ते कोठे आहे हे पाहण्यासाठी त्याने बायबल चाळले, सापडले नाही. जाणकारांना विचारले, त्यांनाही ठाऊक नव्हते. असा वर्षाहून अधिक काळ गेल्यावर ते त्याला अपॉक्रिफा या भागातील एक्लिझिअ‍ॅस्टिकस या ग्रंथात आढळले. प्रॉटेस्टंट पंथीय हा भाग प्रमाण शास्त्रात धरत नाहीत, त्यामुळे त्याला आधी वाईट वाटले. मग त्याने असा विचार केला की हे वचन त्या ग्रंथातले असले तरी अनेक प्रमाण वचनांचे सार त्यात आहे, तेव्हा त्याचा दिलासा घेण्यास हरकत नाही. भांडी सांधणाऱ्या या माणसाने येथे केलेला विचार एखाद्या भाष्यकाराला शोभावा असा आहे. एका वचनाचा अर्थ इतर वचनांच्या आधाराने लावण्याची ही त्याची पहिली खेप होय.

उन्हात बसलेल्या बायका

बेडफर्डमध्ये कामानिमित्त फिरत असताना एका घराच्या दाराशी उन्हात बसलेल्या तीनचार गरीब बायका धर्माविषयी बोलत असल्याचे बन्यनने ऐकले. त्या वेळी तो स्वतः धर्मचर्चेत हिरिरीने बोलणारा होता. पण त्यांचे बोलणे त्याला नीट समजले नाही. त्या आपल्या अंतःकरणाची दुर्दशा, देवाने आपल्याला कसे गाठले आणि कोणत्या वचनांनी सावरले, याविषयी बोलत होत्या. आनंदच जणू त्यांच्याकडून बोलवून घेत होता, असे त्याला वाटले. पुढे त्याला एक दृश्य दिसले. या बायका एका उंच डोंगराच्या उजेडाच्या बाजूला ऊब घेत बसल्या आहेत, आपण थंडीत आणि बर्फात कुडकुडत आहोत आणि मध्ये भिंत आहे. त्या भिंतीला एक अरुंद फट होती. खूप धडपड करून आधी डोके, मग खांदे आणि मग सारे शरीर तिच्यातून पलीकडे गेले.

या प्रसंगाला समीक्षेत मिळालेले महत्त्व रास्तच आहे. पण त्यातील एका गोष्टीकडे अधिक लक्ष जायला हवे. बायकांच्या बोलण्यातही शास्त्रवचने होतीच, पण ती शकुनासारखी आलेली नव्हती. ती परस्परांत बोलली जात होती, अनुभवाशी ताडून पाहिली जात होती, एकीचे वचन दुसरीच्या उपयोगी पडत होते. शास्त्र हे एकट्याने ऐकायचे फर्मान नसून अनेकांनी मिळून बोलायची भाषा असू शकते, हे बन्यनने प्रथम या दारापाशी पाहिले. या बायकांची नावे त्याने दिलेली नाहीत.

त्यांच्यामार्फत त्याची ओळख जॉन गिफर्ड याच्याशी झाली. गिफर्ड पूर्वी राजाच्या पक्षाकडील लष्करी अधिकारी होता, मृत्युदंडातून निसटून बेडफर्डला आला होता आणि तेथे वैद्यकी करीत होता. जुगारी आणि उनाड म्हणून प्रसिद्ध असलेला हा वैद्य पुढे तेथील स्वतंत्र मंडळीचा पाळक झाला. बन्यनला आपल्या घरी बोलावून इतरांशी होणाऱ्या संभाषणात बसवून घेणे, हा त्याचा मुख्य उपचार होता असे दिसते. कोणतीही गोष्ट केवळ कोणी सांगितली म्हणून मान्य करू नये, तिचा खरा प्रत्यय देवापाशी मागावा, ही त्याची शिकवणही बन्यनने कृतज्ञतेने नोंदविली आहे.

याच सुमारास मार्टिन ल्यूथर याचे 'गलतीकरांस पत्र' यावरील भाष्य त्याच्या हाती आले. प्रत इतकी जुनी होती की पाने उलटताना पुस्तक निखळून पडेल असे वाटे. ते वाचताना आपलीच अवस्था कोणीतरी शतकापूर्वी लिहून ठेवली आहे असे त्याला जाणवले. घायाळ सदसद्विवेकबुद्धीसाठी बायबलच्या खालोखाल हेच पुस्तक, असा निर्वाळा त्याने दिला आहे. आपल्यासारखा दुसरा कोणी होऊन गेला, याचा दिलासा नैराश्यात फार मोठा असतो. उलट उदाहरणही आत्मकथनात आहेच. श्रद्धा नाकारल्यानंतर निराशेने मेलेल्या फ्रान्सिस स्पायरा या इटालियन वकिलाचा वृत्तांत त्याने वाचला आणि ते वाचन ताज्या जखमेवर मीठ चोळल्यासारखे झाले. पुस्तक कोणते, एवढ्यावर काहीच ठरत नाही. स्पायराचा वृत्तांतही धार्मिकच होता.

दोन वचनांची झुंज

ग्रंथाचा गाभा यापुढे आहे. थोडी शांती मिळाल्यावर एक विलक्षण मोह बन्यनला ग्रासतो. ख्रिस्ताला विकून टाक, कशाच्याही मोबदल्यात दे, असे शब्द जेवताना, सुई उचलताना, लाकूड फोडताना त्याच्या मनात घुमू लागतात. तो हातांनी आणि कोपरांनी ढकलल्यासारखे करून त्यांना नकार देत राहतो. वर्षभर हे चालते. अखेरीस एके दिवशी सकाळी बिछान्यात असताना, थकून, त्याची इच्छा असेल तर जाऊ दे, असा विचार मनातून निघून जातो, आणि गोळी लागलेल्या पक्ष्याप्रमाणे आपण खाली कोसळलो असे त्याला वाटते. आजच्या वैद्यकशास्त्रात अनाहूत विचारांचे म्हणजे वेडझपाटी विकृतीचे जे वर्णन येते, त्याच्याशी हा भाग जुळतो, हे अनेक अभ्यासकांनी दाखविले आहे. पण निदानाचे नाव दिल्याने पुढच्या पानांचे आकलन होत नाही.

त्यानंतर 'इब्री लोकांस पत्र' याच्या बाराव्या अध्यायातील एसावाविषयीचे वचन त्याला धरते. एका जेवणापायी ज्येष्ठपणाचा हक्क विकलेल्या एसावाला पुढे रडून मागूनही आशीर्वाद मिळाला नाही, हा त्याचा आशय. कित्येक महिने हे वचन बेडीसारखे त्याच्या पायात राहते. तो आपले पाप तराजूत घालतो. दावीदाने खून आणि व्यभिचार केला, पण ते मोशेच्या नियमशास्त्राविरुद्ध. पेत्राने गुरूला नाकारले, पण विकले नाही. आपले पाप यहूदाच्या जवळ जाणारे ठरते. एका वयस्क ख्रिस्ती गृहस्थापाशी तो मन मोकळे करतो आणि आपण पवित्र आत्म्याविरुद्धचे अक्षम्य पाप केले असे वाटते म्हणतो. त्या गृहस्थाने आपल्यालाही तसेच वाटत असल्याचे सांगितले! संगतीची थोरवी सांगताना हा प्रसंग वगळता येणार नाही. मंडळीतला माणूसही चुकीचे बोलू शकतो, आणि खचलेल्या मनाला त्याचे बोलणे दुप्पट लागते. या गृहस्थाला सैतानाशी झुंजण्याचा फारसा अनुभव नसावा, अशी नोंद बन्यनने केली आहे.

एसावाच्या वचनाविरुद्ध उभे राहते ते 'करिंथकरांस दुसरे पत्र' याच्या बाराव्या अध्यायातील, कृपा पुरेशी असल्याचे पौलाला मिळालेले आश्वासन. येथे बन्यन शब्दाशब्दावर थांबतो. ते वचन प्रथम त्याच्या मनात आले तेव्हा त्यातला 'तुला' हा एक शब्द गळला होता. कृपा पुरेशी आहे खरी, पण ती आपल्याला आहे काय? या एका सर्वनामासाठी तो कित्येक आठवडे तळमळतो. कधी कृपेचे पारडे जड तर कधी एसावाचे. दिवसातून वीस वेळा ही उलथापालथ होते. पुढे मंडळीच्या सभेत, इतरांमध्ये बसलेला असताना, ते वचन त्या शब्दासह तीनदा त्याच्या मनात उमटते. जेम्सच्या विवेचनात या अचानकपणावर भर आहे. सभेचा उल्लेख मात्र दुर्लक्षित राहतो.

आणि तरीही येथे सुटका होत नाही. पुढे बन्यनला वाटते की ही दोन वचने एकाच वेळी आपल्या मनात यावीत आणि कोण जिंकते ते पाहावे. तशी ती येतात, आणि एसावाचे वचन क्षीण होऊन निघून जाते. भाविक वाचक बहुधा येथे थांबतो. बन्यन थांबत नाही. ज्यांनी त्याला घाबरविले होते ती इब्रीकरांच्या पत्रातील सहाव्या, दहाव्या आणि बाराव्या अध्यायांतील वचने तो पुन्हा उघडतो आणि एकेक तपासतो. सहाव्या अध्यायात उघडपणे व पुरतेपणी श्रद्धा टाकून देणाऱ्यांविषयी लिहिले आहे. आपले तसे नाही. एसावाने हक्क विकला तो विचार करून, प्रत्यक्ष व्यवहार करून. सतत विरोध करीत असताना मनातून निसटलेला तो विचार नव्हता. हक्क आणि आशीर्वाद या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हेही त्याच्या ध्यानात येते. या तपासणीनंतर त्या वचनांचा चेहराच पालटलेला त्याला दिसतो.

हा भाग वाचायला रूक्ष आहे. घंटा आणि डबकी यांच्या मानाने त्यात नाट्य नाही, त्यामुळे निवडक उताऱ्यांच्या संग्रहांत तो सहसा येत नाही. परंतु नैराश्यातून बाहेर येण्याचे खरे काम येथे घडते. पूर्वी जे वचन केवळ आवाज होते, ते आता संहिता झाले आहे. त्याला वक्ता आहे, प्रसंग आहे, मर्यादा आहे. भीती वाटणाऱ्या वचनापासून पळण्याऐवजी त्याच्याजवळ जाऊन ते नेमके काय म्हणते हे विचारण्याचे बळ आले आहे. 'योहानकृत शुभवर्तमान' यातील एका वचनाविषयी तो सांगतो की सैतानाने एका टोकाला आणि आपण दुसऱ्या टोकाला धरून ओढाताण केली. ओढण्यासाठी वचन हातात घट्ट धरावे लागते, हे त्या कारागिराला कोणी शिकविण्याची गरज नव्हती. शेतातून जाताना आपले नीतिमत्त्व स्वर्गात आहे असे शब्द त्याच्या मनात येतात आणि बेड्या गळून पडतात, तेव्हाही घरी आल्यावर तो ते वाक्य बायबलमध्ये शोधतो. तसे वाक्य तेथे नसते. मन पुन्हा खचू लागते. पण 'करिंथकरांस पहिले पत्र' याच्या पहिल्या अध्यायातील तिसावे वचन त्याला आठवते आणि आशय तोच असल्याचे पाहून तो स्थिर होतो.

विल्यम कूपर : एक प्रत्युदाहरण

शास्त्रवाचनाने विषाद हटतोच असे मानणाऱ्यांनी विल्यम कूपर (१७३१–१८००) या कवीचे चरित्र पाहणे अगत्याचे आहे. १७६३ मध्ये उमरावांच्या सभागृहातील एका कारकुनी पदासाठी परीक्षा द्यावी लागणार या धास्तीने तो कोलमडला आणि त्याने आत्महत्येचे प्रयत्न केले. सेंट ऑल्बन्स येथील डॉ. नॅथॅनिएल कॉटन यांच्या उपचारगृहात त्याला ठेवण्यात आले. १७६४ च्या जुलैत त्याने तेथे बायबल उघडले, 'रोमकरांस पत्र' याच्या तिसऱ्या अध्यायातील पंचविसावे वचन वाचले आणि त्याचे मन आनंदाने भरून आले. ही घटना धर्मोपदेशात वारंवार सांगितली जाते. तिच्याआधी काही महिने एका सहृदय वैद्याची देखभाल त्याला मिळाली होती आणि नुकताच त्याचा भाऊ येऊन भेटला होता, हे मात्र सांगितले जात नाही.

पुढे तो ओल्नी येथे जॉन न्यूटन या धर्मगुरूच्या शेजारी राहिला. दोघांच्या स्तोत्रांचा संग्रह १७७९ मध्ये प्रसिद्ध झाला. परंतु त्याआधीच, १७७३ च्या आरंभी, कूपर पुन्हा कोसळला होता. आपला कायमचा त्याग झाला आहे असे सांगणारे स्वप्न त्याला पडले आणि तो निकाल त्याने अखेरपर्यंत खरा मानला. न्यूटनने नोंदविल्याप्रमाणे, अब्राहामाने पुत्राचे अर्पण करावे ही आज्ञा जणू आपल्यालाच, आणि स्वतःच्याच प्राणाविषयी, झाली आहे असे त्याने त्या काळात मानले. बन्यनने जी वाचनाची रीत मागे टाकली, तिच्याकडेच कूपर आजारपणात परतला होता. मात्र येथे न्याय करताना जपायला हवे. कूपरने बन्यनसारखे कष्ट घेतले नाहीत म्हणून तो बरा झाला नाही, असे म्हणणे क्रूरपणाचे ठरेल. आजाराची जातच वेगळी आणि अधिक दारुण असू शकते. न्यूटनच्या कठोर धर्मनिष्ठेने कूपरला आजारी पाडले, हा काही चरित्रकारांचा आरोपही पटण्यासारखा नाही. न्यूटन दांपत्याने त्याला वर्षाहून अधिक काळ आपल्या घरात ठेवून सांभाळले. पुढची वर्षे त्याने काढली ती पाळलेले ससे, बाग, सुतारकाम, मेरी अन्विन यांची माया आणि 'द टास्क' (१७८५) यांसारखे काव्यलेखन यांच्या आधाराने. प्रार्थनागृहात तो पुन्हा गेला नाही. स्तोत्रे लिहिणाऱ्या या माणसाची स्तोत्रे इतरांना धीर देत राहिली आणि तो स्वतः त्या धीराबाहेर राहिला.

कैद आणि शंकेचा किल्ला

'ग्रेस अबाउंडिंग' लिहिले गेले ते बेडफर्डच्या तुरुंगात. परवान्याशिवाय उपदेश केल्याबद्दल १६६० च्या नोव्हेंबरात बन्यनला अटक झाली. उपदेश थांबवण्याची हमी देण्यास त्याने नकार दिला आणि ही कैद १६७२ पर्यंत लांबली. प्रस्तावनेत तो आपल्या मंडळीला उद्देशून सांगतो की अधिक भारदस्त शैलीत लिहिता आले असते, पण ज्या अवस्थेतून आपण गेलो ती खेळ नव्हती, म्हणून लिहितानाही खेळ करणार नाही. गोठा, कोठार, दूधघर अशा ठिकाणी आपापल्याला काय अनुभव आला ते आठवा, असेही तो सुचवितो. म्हणजे हे आत्मकथन त्या उन्हातल्या बायकांच्या संभाषणाचाच पुढचा भाग आहे. बरा झालेला माणूस आता इतरांच्या उपयोगी पडण्यासाठी बोलत आहे.

तुरुंगातील एका प्रसंगाची नोंद येथे विशेष महत्त्वाची ठरते. फाशी होईल अशी भीती त्याला होती, आणि त्याहून मोठी भीती होती ती शिडीवर पाय लटपटतील याची. पत्नी आणि मुले, विशेषतः अंध मुलगी, यांच्यापासून दूर होणे त्याला हाडांवरून मांस ओढून काढल्यासारखे वाटत होते. या वेळी कोणतेही दिलासा देणारे वचन त्याला मिळत नाही. शेवटी तो ठरवितो की देवाने धीर दिला वा न दिला तरी शिडीवरून डोळे मिटून अनंतात उडी घ्यायची. तरलो तर तरलो, बुडालो तर बुडालो. ज्याने एका सर्वनामासाठी आठवडेच्या आठवडे काढले होते, तो आता आश्वासनावाचून पाऊल टाकायला तयार आहे. भाविकांच्या समीक्षेला हे स्थळ अडचणीचे वाटते, कारण येथे सांत्वन नाही. वस्तुतः बन्यनचा विषाद ओसरल्याचा सर्वांत भक्कम पुरावा हाच होय. ग्रंथाच्या उपसंहारात तो अविश्वासासह सात दोष अजूनही आपल्यात असल्याची यादी देतो. जेम्सनेही म्हटले आहे की बन्यन कधीच निरोगी वृत्तीचा झाला नाही, त्याच्या आनंदाखाली दुःखाचा एक मजला कायम राहिला. याबाबतीत जेम्सचे म्हणणे ग्राह्य आहे.

'द पिल्ग्रिम्स प्रोग्रेस' (१६७८) मधील प्रतिमा या पार्श्वभूमीवर वाचल्या पाहिजेत. निराशेच्या दलदलीविषयी तेथे म्हटले आहे की ती भरून काढण्यासाठी सोळाशे वर्षे सदुपदेशाच्या हजारो गाड्या तिच्यात ओतल्या, तरी ती दलदलच राहिली. नायकाला तिच्यातून काढतो तो मदत या नावाचा एक माणूस, हात देऊन. खचलेल्या विद्यार्थ्याला वा सहकाऱ्याला चार वचने, चार सुविचार ऐकवून आपले कर्तव्य संपले असे मानणाऱ्या कोणत्याही धर्माच्या उपदेशकाने, आणि महाविद्यालयांतील समुपदेशन कक्षांनीही, ही गाड्यांची गोष्ट ध्यानात घ्यायला हरकत नाही. पुढे शंकेच्या किल्ल्यात निराशा नावाचा राक्षस कैद्यांना मारहाण करून आत्महत्येचा सल्ला देतो. नायक डगमगतो, सोबतचा आशावंत त्याच्याशी वाद घालून त्याला थोपवितो. वचनाची किल्ली नायकाच्या छातीशीच होती, हे त्याला आठवते ते त्यानंतर, आणि बाहेरच्या दरवाजाचे कुलूप त्या किल्लीनेही फार जड जाते. किल्लीचा गौरव सर्वांनी केला. सोबत्याने घातलेल्या वादामुळे किल्ली आठवेपर्यंत नायक जिवंत राहिला, याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही.

१६८४ च्या दुसऱ्या भागात हा राक्षस मारला जातो. त्याच्या किल्ल्यातून एक म्हातारा आणि त्याची मुलगी अर्धमेल्या अवस्थेत सापडतात. त्याचे नाव विषण्णता, तिचे अतिभीती. ती दोघे एकाएकी धीट होत नाहीत. यात्रेकरू त्यांना सोबत घेऊन चालतात एवढेच. मृत्यूच्या नदीशी आल्यावर म्हातारा आपले मृत्युपत्र सांगतो : आम्हा दोघांची खिन्नता आणि आमची गुलामी भीती कोणीही वारसा म्हणून घेऊ नये. मग तो पाण्यात उतरतो. मुलगी गात गात पलीकडे जाते. पण ती काय गात होती, हे काठावरच्या कोणालाही समजत नाही.